शोधयंत्राला पेडणे कसे कळावे?

मराठीच्या हक्कांविषयी आपण जे लिहितो, ते बहुधा शासनाला उद्देशून असते. 1987 च्या गोवा राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीचाही वापर करता येईल अशी तरतूद ठेवली. त्या तरतुदीचे प्रत्यक्षात किती पालन होते, हा आपल्या वादाचा जुना आणि न्याय्य विषय आहे. परंतु गेल्या दोन-अडीच दशकांत मराठी लेखक आणि मराठी वाचक यांच्यामध्ये एक नवा कारकून येऊन बसला आहे. तो कोणत्याही सरकारचा नोकर नाही. त्याने राजभाषा कायदा वाचलेला नाही, त्याला मोर्चा दिसत नाही आणि त्याच्या टेबलावर निवेदन ठेवता येत नाही. पेडण्यातील विद्यार्थी, डिचोलीतील बागायतदार किंवा तीन पिढ्यांपूर्वी मुंबईस गेलेले गोमंतकीय कुटुंब काही विचारू लागले, की कोणता कागद पुढे करायचा आणि कोणता ढिगाखाली राहू द्यायचा, हे तोच ठरवतो. हा कारकून म्हणजे शोधयंत्र.

मराठीत शोधले तरी इंग्रजी पानेच पुढे येतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. इंग्रजी पानांची संख्या अफाट आहे, त्यांना एकमेकांचे दुवे अधिक आहेत आणि यंत्रे प्रथम त्याच भाषेत शिकली, हे खरेच आहे. त्यांतले काहीही पेडणे वा डिचोली येथे बसून बदलता येणार नाही. मात्र या तक्रारीचा एक भाग असा आहे, की ज्याचे निवारण पूर्णपणे मराठी पान लिहिणाऱ्याच्या हाती आहे. ते पान कशाविषयी आहे, कोणत्या गावाविषयी आहे आणि कोणत्या भाषेत आहे, हे त्या पानाने स्वतःच्या मुखाने सांगणे, हा तो भाग. संगणकाच्या व्यवसायात याला ऑन-पेज ऑप्टिमायझेशन असे भारदस्त नाव आहे आणि नावामुळेच तो विषय व्यापाऱ्यांचा वाटतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हा विषय मूलतः भाषेचा आहे, आणि सीमेवरच्या तालुक्यांत तर तो भाषेच्या चळवळीचाच एक भाग मानला पाहिजे.

दारावरचा लेख

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्री सप्तकोटेश्वराचे देवालय आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचा जीर्णोद्धार आरंभिला. प्रवेशद्वारावर त्याचा शिलालेख आहे. लेख अगदी छोटा. पण देवाचे नाव, शक, तिथी आणि कोणाच्या आज्ञेने काम सुरू झाले, हे सारे त्यात आहे. साडेतीनशे वर्षांनंतर तिथे येणाऱ्या अपरिचित माणसाला कोणालाही न विचारता ते देऊळ ओळखता येते. लेख दारावर कोरलेला आहे, गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीवर नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

शोधयंत्र हा असाच अपरिचित वाटसरू आहे. ते प्रथम दुव्यांवरून दुव्यांवर फिरत पाने गोळा करते, मग त्यांतील शब्दांची सूची करते आणि कोणी प्रश्न विचारला की सूचीतून योग्य वाटणारी पाने क्रमाने मांडते. सूची करताना ते पानावरील सर्व शब्दांना सारखे वजन देत नाही. पानाचे शीर्षक, मजकुरातील मथळे व उपमथळे, आरंभीचे परिच्छेद, चित्रांना जोडलेला पर्यायी मजकूर, दुव्यावर लिहिलेले शब्द आणि पानाचा पत्ता या ठिकाणी जे लिहिले असेल, त्यावरून ते विषयाचा अंदाज बांधते. पानाचे वर्णन म्हणून जी दोन ओळींची नोंद आत ठेवता येते, ती क्रम वाढवत नाही. पण निकालाच्या यादीत ती वाचकाला दिसू शकते आणि दुवा उघडावा की नाही हे त्यावरून वाचक ठरवतो. याउलट, आत लपवून ठेवलेल्या शोधशब्दांच्या यादीला गूगल काहीही किंमत देत नाही, हे त्या कंपनीने 2009 मध्येच जाहीर केले आहे. अर्थात, दारावर उघडपणे कोरलेले तेवढे मोजले जाते. उंबऱ्याखाली पुरलेले मोजले जात नाही.

आता एखाद्या गावच्या उत्सवाचे नेहमीचे मराठी पान डोळ्यांसमोर आणा. शीर्षक असते ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘आमच्याविषयी’. मथळा असतो ‘वार्षिक जत्रोत्सव उत्साहात संपन्न’. कोणाची जत्रा, कोणत्या गावची, कोणत्या वर्षाची, याचा पत्ता नाही. छायाचित्राचे नाव कॅमेऱ्याने दिलेला आकडा. दुव्यावर शब्द ‘येथे टिचकी मारा’. गावच्या माणसाला हे पान परिपूर्ण वाटते, कारण उरलेले सगळे त्याच्या मनात असते. वाटसरूच्या मनात ते नसते.

मुक्काम, पोस्ट, तालुका

पोस्टाने पत्र पाठविणाऱ्या पिढ्यांना ही गोष्ट शिकवावी लागली नाही. मु. पो. अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक, असे लिहिल्याखेरीज पत्र पोचत नाही, हे त्यांना ठाऊक होते. शिरगाव एकटे डिचोलीत नाही. देवगडजवळही शिरगाव आहे. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. साखळी हे डिचोली तालुक्यातले शहर, पण साखळी हा शब्द लोखंडी कड्यांनाही लागतो. पाळी हे त्याच तालुक्यातले गाव. त्या शब्दाचे मराठीत आणखी किती अर्थ होतात हे सांगायला नको. ‘साखळीतील रस्ता’ असे वाचून यंत्र गोंधळले तर दोष यंत्राचा कमी आणि ‘साखळी, तालुका डिचोली, गोवा’ हे तीन शब्दांचे श्रम वाचवणाऱ्या लेखणीचा अधिक.

त्याहून कठीण प्रश्न रोमन लिपीतील नावांचा आहे. डिचोली 1780 च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे 1788 मध्ये सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीज सत्तेकडे गेले. नव्या काबिजादींच्या या मुलखात नावे उच्चारली गेली स्थानिक जिभेने आणि नोंदली गेली पोर्तुगीज कानाने. शब्दाच्या अंती येणारा अनुनासिक स्वर दाखविण्यासाठी पोर्तुगीज लेखनात ‘एम’ हे अक्षर लावतात. पेर्नेम, मांद्रेम, मयेम, बिचोलिम, मोर्जिम या रोमन रूपांतला शेवटचा ‘एम’ तिथून आला. तो मुळात अनुस्वार होता, ओठ मिटून म्हणायचा ‘म’ नव्हता. पेडणेमधला ड जिभेला वळवून झटकन उच्चारला जातो, तो पोर्तुगीज कानाला र वाटला. शब्दारंभीचा ह पोर्तुगीजांच्या उच्चारात नाही, म्हणून हरमलचे आरांबोल, हरवळेचे आर्वालेम आणि हळर्णचे आलोर्ना झाले.

ही भाषाशास्त्राची गंमत यंत्रासाठी मात्र भिंत ठरते. पेडणे या अक्षरांचे सरळ रोमन लिप्यंतर ‘पेडने’ असे होईल. त्यातून ‘पेर्नेम’ कदापि निघत नाही. पेडण्यासारख्या तालुक्याच्या नावाची दोन्ही रूपे एकाच ठिकाणाची आहेत, हे यंत्राला ज्ञानकोशांतून कळू शकते. पण कासारवर्णे, तोरसे, लाटंबार्से, अडवलपाल यांसारख्या गावांची ही जोडी त्याला कोणी तरी कुठे तरी लिहून द्यावी लागते. पानाच्या माथ्यावर नाव मराठीच असावे आणि मजकुरात एकदाच, पहिल्या उल्लेखापाशी, रोमन रूप नोंदवावे, असे माझे मत आहे. पोर्तुगीज वळणाचे रूप मराठी पानावर का आणावे, असा स्वाभिमानी आक्षेप येईल. त्याला उत्तर असे, की मोपा येथील विमानतळ जानेवारी 2023 पासून वाहता झाल्यावर पेडण्याविषयी विचारणारे बहुसंख्य लोक रोमन रूपच टंकित करतात. त्या रूपाला मराठी नावाशी बांधणारी गाठ आपल्या पानावर असेल, तर परक्याच्याही दृष्टीस मूळ नाव पडेल. गाठ नसेल, तर काही काळाने मूळ नाव हेच बोलीतले एक अपभ्रष्ट रूप आहे, असा समज पक्का होईल.

विभक्तीचा अडसर

इंग्रजीसाठी लिहिलेले नियम मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हेही येथेच सांगितले पाहिजे. इंग्रजीत गावाचे नाव वाक्यात कुठेही आले तरी बदलत नाही. मराठीत ते प्रत्यय लागताच सामान्यरूप धारण करते. पेडणे हे नाव वाक्यात येते ते पेडण्यात, पेडण्याचा, पेडण्याहून असे. मांद्रेचे मांद्र्यात होते. संपूर्ण लेख पेडण्याविषयी असूनही ‘पेडणे’ हे मूळ रूप त्यात एकदाही नसणे सहज शक्य आहे. वाचकाच्या हे लक्षातही येत नाही, कारण विभक्ती आपण आईच्या दुधाबरोबर शिकलो. यंत्रे मराठी रूपे ओळखण्यात पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहेत. गूगलने अर्थाच्या संदर्भाने शब्द समजून घेणारी आपली पद्धत 2019 च्या अखेरीस सत्तरहून अधिक भाषांना लागू केली, त्यांत मराठीही होती. तरीही प्रचलित शब्दाचे रूप ओळखणे वेगळे आणि दोन-चार हजार वस्तीच्या गावाचे क्वचित आढळणारे सामान्यरूप ओळखणे वेगळे.

उपाय व्याकरणातच आहे. शीर्षकात गावाचे नाव प्रथमेत ठेवावे. ‘पेडण्यातील श्रीभगवतीचा दसरोत्सव’ हे शीर्षक सुरेख आहे. ‘श्रीभगवती देवस्थान, पेडणे : दसरोत्सव’ हे तितकेच मराठी आहे आणि त्यात मूळ नाव शाबूत आहे. आत मजकुरात मग विभक्ती मनमुराद वापराव्यात. भाषेला वाकवण्याची येथे काहीही गरज नाही.

मराठी की कोकणी?

पेडणे, डिचोली या तालुक्यांचा विशेष प्रश्न भाषेच्या ओळखीचा आहे. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी, गावांची नावे तीच, देवांची नावे तीच, आडनावे तीच. पानाच्या आत भाषेची खूण म्हणून मराठीसाठी ‘एमआर’ आणि कोकणीसाठी ‘केओके’ हे संकेत लावता येतात. ते जरूर लावावेत. अंध वाचकांसाठी पान वाचून दाखविणाऱ्या साधनांना त्यांचा उपयोग होतो. पण पानाची भाषा ठरविताना आपण त्या खुणेवर विसंबत नाही, दिसणारा मजकूर पाहतो, असे गूगलचे सांगणे आहे. म्हणजे येथेही बिल्ला पुरेसा नाही, बोलणे ऐकले जाते.

आणि बोलण्यात भाषा ओळखू येते ती नामांवरून नव्हे, क्रियापदांवरून आणि अव्ययांवरून. मराठीचे ‘आहे’ कोकणीत ‘आसा’ होते, ‘आणि’चे ‘आनी’, ‘मी’चे ‘हांव’. ‘श्री देवी लईराई, शिरगाव, होमकुंड, धोंड, कौलोत्सव’ एवढेच लिहिलेले पान कोणत्या भाषेचे, हे माणसालाही सांगता येणार नाही. उत्सवाची पत्रिका, समितीची यादी, कार्यक्रमाचा तक्ता अशी केवळ नामांनी भरलेली पाने या भागात विपुल आहेत. ती पाने यंत्राने मराठी म्हणून धरावीत अशी अपेक्षा असेल, तर त्यांवर निदान चार-सहा पूर्ण वाक्ये हवीत. कर्ता, कर्म, क्रियापद असलेली वाक्ये. एका पानावर एकच भाषा असावी आणि वरची यादी, म्हणजे मुखपृष्ठ, संपर्क, छायाचित्रे इत्यादी दुवेही त्याच भाषेत असावेत. मजकूर मराठी आणि भोवतालची सगळी चौकट इंग्रजी, अशा पानावर आखूड मराठी मजकूर अल्पसंख्य ठरतो.

हे लिहिताना कोकणीशी स्पर्धा मांडण्याचा हेतू नाही. कोकणी पानाने कोकणी म्हणून आणि मराठी पानाने मराठी म्हणून स्पष्ट उभे राहावे, यात दोघींचे हित आहे. धूसरपणात दोघीही हरतात आणि जागा तिसरीच घेते.

अक्षर असावे, चित्र नसावे

युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून स्थान आहे. तरीही दीर्घकाळ मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटांत टंकित झाला. पडद्यावर मराठी दिसे. खाली साठवलेली अक्षरे रोमन चिन्हांची असत. तो फाँट नसलेल्या संगणकाला, आणि शोधयंत्राला तर नेहमीच, ते निरर्थक कडबोळे वाटे. मुद्रणालयांत आजही अशाच फाँटांत स्मरणिका जुळवल्या जातात आणि त्यांच्या पीडीएफ जशाच्या तशा जालावर चढवल्या जातात. अशी स्मरणिका डोळ्यांनी वाचता येते, शोधता येत नाही. तीच गत व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत चित्र-पत्रिकांची. कोणती स्मरणिका या दोषाची आहे हे ओळखायला विद्वत्ता लागत नाही: तीतील एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवावी, मराठी उतरली तर ठीक, कडबोळे उतरले तर ती पुन्हा युनिकोडमध्ये आणली पाहिजे.

चित्राला जोडायच्या मजकुराचेही असेच. पत्रादेवी येथे 15 ऑगस्ट 1955 रोजी गोवा मुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीज गोळ्यांना सामोरे गेले. तेथील स्मारकाचे छायाचित्र नुसत्या आकड्याच्या नावाने चढवले, तर यंत्राच्या लेखी ते कोणत्याही रस्त्याकडेचे कोणतेही बांधकाम असू शकते. ‘हुतात्मा स्मारक, पत्रादेवी, तालुका पेडणे’ एवढे शब्द त्याला जोडले, की ते स्मारक होते. पानाच्या पत्त्यात देवनागरी वापरता येते, पण तो पत्ता इतरत्र पाठवताना त्यातील प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात. ‘पेडणे’ या पाच चिन्हांच्या शब्दाचा पंचेचाळीस अक्षरांचा डोंगर होतो. म्हणून पत्त्यात उच्चारानुसारी आखूड रोमन रूप ठेवले तरी प्रतिष्ठेला बाध येत नाही. निव्वळ आकडा मात्र ठेवू नये.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप सज्जनांचा: हे सारे युक्तीचे, जाहिरातदारांचे काम आहे, साहित्याला ते शोभत नाही. शब्द कोंबून भरण्याचा प्रकार निंद्य आहे यात शंका नाही. एकाच परिच्छेदात दहादा ‘पेडणे’ लिहिलेले पान वाचकाला उबग आणते आणि यंत्रेही अशा भरतीला लबाडी मानून मागे ढकलतात. पण ग्रंथाला मुखपृष्ठ असणे, प्रकरणांना नावे असणे, शेवटी सूची असणे, याला आपण जाहिरात म्हणत नाही. वाचकाविषयीचा आदर म्हणतो. आपल्या मजकुराचा विषय स्पष्ट सांगणे हा तोच आदर आहे.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: आता यंत्रेच इतकी हुशार झाली आहेत, की ती प्रश्नाचे उत्तर स्वतःच रचून देतात, मग पानाची मांडणी कोण पाहतो? उलट आहे. उत्तर रचणारे यंत्रही कुणाच्या तरी लेखनातूनच ते रचते. पेडण्याविषयी त्याला जी पाने सापडतील, त्यांचेच पेडणे ते जगाला सांगेल. ती पाने केवळ समुद्रकिनारे, खोल्यांचे भाडे आणि विमानतळाचे अंतर सांगणारी असतील, तर तालुक्याची ओळख तेवढीच उरेल. दशावतार, भजनी मंडळे, गावोगावची मराठी ग्रंथालये, मराठी शाळांच्या आठवणी यांचे शब्द पानावर नसतील, तर यंत्राने ते कोठून आणावेत?

येथे खरे मोल कोणाचे जाते, हे पाहावे. डिचोली तालुक्यातील कासारपाल येथे श्रीकालिकादेवीचे देवस्थान आहे; ते कुलदैवत मानणारी कुटुंबे दूरदूर पसरली आहेत. त्यांतील एखाद्या तरुणाला आजोबांकडून ऐकलेले फक्त गावाचे नाव ठाऊक असते आणि ते नाव तो मराठीतच ऐकलेले असल्यामुळे मराठीतच टंकित करतो. त्याला मराठीत उत्तर मिळाले नाही, तर तो दुसऱ्या वेळी इंग्रजीत विचारील, आणि तिसऱ्या वेळी मराठीचा विचारही त्याच्या मनात येणार नाही. भाषा सोडण्याचा निर्णय कोणी सभा घेऊन करत नाही. तो असा, एका निष्फळ शोधातून दुसऱ्या निष्फळ शोधाकडे जाताना होतो.

या भागात मराठी वाचणारे उरलेत कुठे, असा प्रश्न आपल्याला सभांतून ऐकवला जातो. त्याला भाषणाने उत्तर देता येईल आणि द्यावेही. पण अधिक टिकाऊ उत्तर असे आहे: प्रत्येक गावाचे निदान एक मराठी पान, ज्याच्या माथ्यावर गावाचे नाव प्रथमेत, त्याखाली तालुका आणि राज्य, एकदा रोमन रूप, पूर्ण वाक्यांत लिहिलेला शंभर-दोनशे शब्दांचा परिचय, नाव लावलेली छायाचित्रे आणि शेजारच्या गावाच्या पानाकडे त्या गावाच्या नावानेच जाणारा दुवा. कोरगावच्या पानावरून पार्सेकडे, पार्सेवरून तुयेकडे, मयेवरून नार्वेकडे, नार्वेवरून अमोणेकडे. शाळेतल्या वरच्या वर्गातील मुलांना मराठीचा प्रकल्प म्हणून हे काम देता येईल, ग्रंथालयाला संध्याकाळच्या उपक्रमात करता येईल. त्यासाठी शासनाची परवानगी लागत नाही आणि अनुदानही लागत नाही. येत्या जत्रांच्या हंगामापूर्वी पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील प्रत्येक देवस्थान समितीने, ग्रंथालयाने आणि शाळेने आपले असलेले पान उघडून एवढेच पाहावे: त्याच्या माथ्यावर गावाचे नाव आहे का?